भाव बघत फिरणं: तुमचे अनुभव लिहा

काल कपाट आवरताना बाबांची जुनी वही सापडली. पेन्शन सुरू झाली त्या महिन्यापासूनची. प्रत्येक पानावर तीन रकाने, तीन दुकानं. साबण, बल्ब, टूथपेस्ट, सगळं. समासात बारीक अक्षरात "चालत 20 मिनिटं". दुकानात ते ही वही काढायचे तेव्हा मी दोन पावलं लांब जाऊन उभी राहायचे. आता माझंही उत्पन्न ठरलेलं, आणि मी फोनमध्ये तेच करते. कुणाला दिसत नाही एवढंच. तुम्ही कसं जमवता?

---

दोन पावलं लांब... मी पण. आईच्या बाबतीत. जाऊ दे.

---

किंमत नाही, वजन बघा!! आमचा नेहमीचा साबण, वेष्टन तेच, किंमत तीच, 100 ग्रॅमचा गुपचूप 85 झाला. सहा महिने पत्ता नाही. म्हणजे साडेसतरा टक्के भाववाढ झाली की हो.

---

मोठा पुडा स्वस्त असतोच असं नाही. मी 100 ग्रॅमला किती पडतात ते काढते. परवा अर्ध्या किलोचे दोन घेतले, ते किलोच्या एकापेक्षा स्वस्त. शेजारी उभी बाई म्हणे, अहो मोठाच घ्या. हिशोब दाखवला तर रुसलीच.

---

आणि मोठा स्वस्त असला तरी एकदम पैसे कुठून आणायचे? 25 तारखेला छोटाच परवडतो. महाग पडतो हे कळत असतं, तरी तोच उचलतो.

---

काका, हेच. अगदी हेच.

---

आमच्याकडचा किस्सा. पाटी होती "50% सूट, त्यावर आणखी 20%". ह्यांनी 70 धरली. बिल आलं 60 सूट धरून, कारण ते 20 उरलेल्या निम्म्यावर असतात. काउंटरवर पूर्ण कार्यक्रम झाला, मागे ही रांग. ह्यांना अजून पटलेलं नाही. बेल वाजली, येते.

---

खिक्! ह्यांना इथे पाठवा, आम्ही समजावतो.

---

दारातच एखादी वस्तू तोटा खाऊन स्वस्त लावतात, वसुली आतल्या मालावर. मी तेवढीच उचलून बाहेर. गल्ल्यावरची मुलगी ओळखते आता, म्हणते "आजोबा, आजपण एवढंच?"

---

तीन दुकानं हिंडून वाचवलेले गुडघ्याच्या मलमात गेले. आता दोनच. ते 20 मिनिटं समासात लिहिणं फार आवडलं, वेळही खर्चात धरला होता बाबांनी.

---

माझं सगळं बजेट "आता आलोच आहे तर" ह्या वाक्यात बुडतं.

---

+1. यादी करून जाते आणि यादी घरी राहते.

---

वहीचा फोटो टाका ना.

---

टाकते संध्याकाळी. एका पानावर माझ्या शाळेच्या बुटांचे तीन भाव आहेत. गोल केलाय तो सगळ्यात महागाला. मला आठवतात ते बूट, तीन वर्षं टिकले.

---

उशिरा वाचतोय. साबणवाल्या ताई, तो हिरव्या वेष्टनातला का? आत्ता मोरीत जाऊन बघून आलो, आमचाही 85.