गुण एकीला, मेसेज दुसरीला

मुलींना दिसण्याचे दहापैकी गुण द्यायचे आणि ‘आठ-नऊ गुणांच्या मुलीची स्तुती करायची नाही, थोडा भाव खायचा, पाच-सहावालीची मात्र भरभरून करायची’ असा मुली पटवण्याचा एक फॉर्म्युला वाचून आमच्या ताईचे कांदेपोहे आठवले. चपला घालता घालता मुलाची मावशी जिन्यात कुजबुजली होती, "रंग जरा दबलाय, नाही?" दहापैकी किती ते तिने सांगितलं नाही, एवढाच फरक!

बरं, हे गणित आकड्यांतही टिकत नाही. ओकेक्युपिड या अमेरिकी डेटिंग साइटने २००९ मध्ये आपल्या सदस्यांची आकडेवारी मांडली होती. बायकांनी जवळपास ८० टक्के पुरुषांना दिसायला सरासरीहून डावं ठरवलं होतं. (इतके कडक पेपर तपासणारे आमच्या कॉलेजातही नव्हते.) आणि तरी मेसेज त्या याच ‘नापास’ मंडळींना करत होत्या. पुरुषांचं उलटं. गुण देताना अगदी समतोल, पण दोन तृतीयांश मेसेज दिसायला सरस अशा वरच्या एक तृतीयांश बायकांना. म्हणजे गुण देणारा हात आणि मेसेज टाइप करणारा हात, दोघांची ओळखच नाही.

भाव खाण्याचा प्रयोग मीही एकदा केलाय. पहिल्याच भेटीत, चहासमोर, वीस मिनिटं तुटक उत्तरं देत बसलो. शेवटी तिने पर्समधून क्रोसिनची पट्टी काढून पुढे सरकवली. "अंगात कणकण आहे का तुमच्या?"