प्रतिसाद: मेलबर्न ते कँटन

"ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला फुटबॉल खेळणारा मुलगा आर्किटेक्ट व्हायला परदेशी गेला, म्हणजे लंडनच" असा अंदाज कुणी केला, तर तो सरसकट पटत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनही होताच की! आर्किटेक्ट आर्थर पर्नेलचं बघा. तो स्वतः खेळाडू म्हणून ओळखला जात नाही, पण फुटबॉलशी त्याचं नातं पक्कं आहे. जन्म 1878, जिलाँगचा. तरुणपणी चीनमधल्या कँटनला (आजचं ग्वांगझू) गेला आणि चार्ल्स पॅजेट या अमेरिकन भागीदाराबरोबर तिथे फर्म काढली. तिथल्या शामियान बेटावर परदेशी कंपन्यांच्या इमारती बांधल्या. त्यांनीच उभारलेल्या सिमेंट कारखान्याच्या इमारतीत पुढे चिनी क्रांतिकारक नेते सन यत-सेन यांचं मुख्यालय होतं. आज तिथे संग्रहालय आहे. सिमेंटच्या कारखान्याचं असं भाग्य विरळाच.

1910 मध्ये पर्नेल मेलबर्नला परतला. एमसीजीचा (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) 1937 चा सदर्न स्टँड त्याचाच. व्हिक्टोरियन फुटबॉलच्या कितीतरी अंतिम सामन्यांची गर्दी त्या स्टँडनं झेलली. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्यावर चिडलेले गावसकर चेतन चौहानलाही घेऊन निघाले होते, तेव्हाही तो स्टँड उभा होता. 1990 मध्ये पाडला.