‘फॉर मेन’ फेसवॉश खरंच वेगळा असतो की नुसती बाटली काळी?

खमंग_थालीपीठ:
आमच्याकडे यावरून जोरदार वाजलंय म्हणून इथे टाकतेय. नवरा रोज बाइकवर ठाणे ते ऐरोली, भर उन्हात, नाक आणि गालाची हाडं पार काळवंडलीत, पण माझं सनस्क्रीन लाव म्हटलं की "ते बायकांचं आहे". मग स्वतःच जाऊन ‘फॉर मेन’ सनस्क्रीन घेऊन आला, काळी ट्यूब, माझ्यापेक्षा लहान आणि वर महाग. दोन्ही पालथ्या करून मागची बारीक अक्षरं वाचली तर नावं जवळजवळ तीच, थोडी पुढेमागे. एसपीएफ दोघांचं ५०. माझ्याला गुलाबाचा वास, त्याच्याला आफ्टरशेवसारखा, झालं. माझं म्हणणं एवढंच की कातडीला बाई-बुवा कळत नाही, दुकानदारीला बरोब्बर कळतं. २००५ मध्ये पुरुषांची वेगळी फेअरनेस क्रीम आली त्याच्या आधी हेच लोक बहिणीच्या नाहीतर बायकोच्या ट्यूबमधून गुपचूप बोट फिरवत होते ना? तेव्हा कुणाचं काय बिघडलं?

घाटावरचा_गडी:
सगळे रिकामपणाचे उद्योग. आमच्या आजोबांनी अंगाचा साबण तोंडाला, तोच डोक्याला लावला, ऐंशी पार केली तरी चेहरा तुकतुकीत. आता पोरं बारावीला नाहीत तर सीरम मागतात.

औषधवाला_नाना:
गडी भाऊ, आजोबांच्या डोक्याला पटका होता का? असणारच. तेच त्यांचं सनस्क्रीन. आणि साबणाचं म्हणाल तर साध्या वडीचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० च्या घरात, त्वचेचा ५ च्या आसपास, तोंड धुतल्यावर ओढल्यासारखं होतं ते त्यामुळेच.

थालीपीठ ताई, सनस्क्रीनचं मान्य, ते कुणाचंही कुणीही लावा. पण फरकच नाही हे एका मेडिकलवाल्याला पटणार नाही. पुरुषी हार्मोनमुळे तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात, कातडीही साधारण २० टक्के जाड असते. बायकांचं पाळी गेल्यावर तेल झपाट्याने कमी होतं, पुरुषांचं म्हातारपणापर्यंत चालू राहतं. उलट वांग बघा, गरोदरपणात नाहीतर गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना येतात, काउंटरवर वांगासाठी विचारणाऱ्या दहातल्या आठ-नऊ बायकाच.

आणि दाढी! तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. मानेवरचे केस एका दिशेला नसतात, कुठे खाली, कुठे आडवे, हनुवटीखाली तर भोवरा. माणूस घाईत खालून वर उलटं पातं ओढतो, त्यात ते तीन-चार पात्यांचं रेझर, केस ओढून कातडीच्या आत कापतं, मग तो उगवताना आतच वळतो आणि पुळी येते. त्याला वाटतं पिंपल आलंय, मग त्याच्यावर अजून कडक फेसवॉश घासतो. याला उपाय म्हणजे बोटाने चाचपून केस कुठल्या बाजूला झोपलेत ते बघायचं आणि त्याच दिशेने हलक्या हाताने एकदाच पातं फिरवायचं. नंतर तुरटी चालते, पण ओली करून अलगद, खसाखसा नाही.

मोगऱ्याचा_गजरा:
नाना छान सांगितलंत, पण मला वाटतं मुद्दा कातडीचा नाहीचे. माझा कलीग चार दिवसांची दाढी ठेवून मीटिंगला येतो, सगळे म्हणतात काय रफ लुक आहे. मी आयब्रो आणि अप्परलिप न करता गेले तर "अगं बरं नाहीये का?" हा फरक कुठल्या ग्रंथीतून येतो? त्याला ऐच्छिक, आम्हाला हजेरी लावल्यासारखं. आणि पैसे! न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने २०१५ मध्ये जवळपास ८०० वस्तू ताडून बघितल्या, शॅम्पू-रेझर-डिओ या प्रकारात बायकांची वस्तू सरासरी १३ टक्के महाग निघाली. इथे वेगळं काय आहे, माझे खांद्यापर्यंतचे केस नुसते सरळ रेषेत कापायचे तर त्याच्या कटिंगच्या तिप्पट घेतात. मी गेली कित्येक वर्षं पुरुषांचंच रेझर वापरते, पाय काही तक्रार करत नाहीत.

स्पष्टवक्ता_७७:
आलं, सगळं पुरुषांवर आलं. बायकांना पार्लरला जा म्हणून पुरुषांनी कधी सांगितलं हो? बायकाच बायकांच्या मिशा बघतात. आणि पुरुषांना काही नाही हे कोण म्हणतं, पंचविशीत टक्कल पडलेल्या मुलाला स्थळं सांगून येतात का विचारा. त्याला हसायला सगळे मोकळे. फक्त त्याने केसांचं काही लावलं की "नट्टापट्टा करतोय". बायकोने महिन्याला हजार-दीड हजार घातले तर ती स्वतःची काळजी, आणि आम्ही एक बाटली आणली की दुकानदाराने फसवलं?

मोगऱ्याचा_गजरा:
टकलाचं १०० टक्के मान्य. पण स्पष्टवक्ते काका, टक्कल असलेल्याला ऑफिसात "आज आजारी दिसताय" कोणी म्हणत नाही. आणि बायका बघतात म्हणता, तर "मुलगी उजळ हवी" ही अट बायोडेटात नुसत्या आईने घातलेली असते का?

वऱ्हाडी_ठेचा:
राजेहो, तुम्ही भांडा, पण आमच्या अकोल्याची बातमी विसरले का सारे? २०२३ च्या सुरुवातीची. एकाच घरातल्या बायकांनी गोरं व्हायला लोकल क्रीम लावली, किडनीवर गेलं, मुंबईत केईएममध्ये तपासलं तर क्रीममध्ये पारा निघाला. आता सांगा, पारा काय बाईमाणूस पाहून आत जाते? माणसानं लावली असती तरी तेच झालं असतं. हे ‘फॉर हिम’, ‘फॉर हर’ जाऊ द्या चुलीत, डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नसन तर हात लावू नका बाप्पा.

औषधवाला_नाना:
ठेचा भाऊ, दंडवत. त्याचाच दुसरा प्रकार माझ्याकडे रोज येतो. गजकर्णाची क्रीम, स्टेरॉइडवाली, आठवड्यात चेहरा उजळतो म्हणून मुलं-मुली दोघंही मागतात. बंद केली की चेहरा लालभडक, पुळ्या, आणि नको तिथे लव. २०१८ मध्ये सरकारने अशा स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय देऊ नका म्हणून सांगितलं, तरी "नाना, एकच द्या ना". नाही दिली की शेजारी जातात.

स्पष्टवक्ता_७७:
म्हणजे शेवटी सगळं सारखंच असं म्हणायचंय का तुम्हाला? मघाशी तर फरक आहे म्हणत होतात.

औषधवाला_नाना:
आहेच. पण तो लेबलावर नाही, औषधात बघा. केसांचं मिनॉक्सिडिल घ्या, पुरुषांना सहसा ५ टक्के, बायकांना बऱ्याचदा २ ने सुरुवात, नाहीतर कपाळावर-गालावर लव वाढते. टकलासाठी फिनास्टराइडची गोळी असते, घरात बायको गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हातसुद्धा लावायचा नाही, पोटात मुलगा असला तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. इथे बाई-बुवा बघायचाच. फेसवॉशमध्ये त्वचा तेलकट की कोरडी एवढं बघा.

घाटावरचा_गडी:
नाना, तुरटी कुठली घ्यायची? किराणातली चालते का सलूनवाल्याची वेगळी?

खमंग_थालीपीठ:
औषधाचं पटलं नाना, पण मग बाटलीचं माझंच म्हणणं खरं झालं की! नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणतो "चिकट नाही म्हणून मी ते घेतो". म्हटलं जेलवालं माझ्यातही मिळतं. आता गप्प आहे, पण काळी ट्यूब काही सोडत नाहीये. कोणाकडे एकाच कंपनीचे दोन्ही फेसवॉश घरात असतील तर मागच्या यादीचे फोटो टाका प्लीज, शेजारीशेजारी ठेवून.