मदत हवी आहे: खेळताना डोक्याला बसणारा मुका मार आणि शासन निर्णयासाठीचे निवेदन

माझी मुलगी सोळा वर्षांची असून गेली पाच वर्षे नागपुरात कबड्डी खेळते. संघात ती उजवी कोपरारक्षक आहे. मागच्या हिवाळ्यात एका प्रकाशझोतातील स्पर्धेत घोटा पकडायला झेपावताना चढाई करणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती उठली, पण आपल्या जागेवर जाण्याऐवजी समोरच्या संघाच्या बाजूला चालू लागली. प्रशिक्षकांनी तोंडावर पाणी मारले, बर्फ लावला, चक्कर येते का असे विचारले, आणि ती नाही म्हणाल्यावर तिसऱ्या मिनिटाला तिला पुन्हा मैदानात उतरवले. मी तिथेच बसले होते आणि ती उतरली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री तिला दोनदा उलटी झाली. सीटी स्कॅनमध्ये काहीच निघाले नाही, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पण पुढचे साडेतीन आठवडे तिला ट्यूबलाइटचा उजेड सोसवत नव्हता आणि इतिहासाचे एक पान वाचायला अर्धा तास लागत होता. मेंदूविकारतज्ज्ञांनी तेव्हा समजावून सांगितले की, या दुखापतीत (इंग्रजीत ‘कन्कशन’) मेंदू कवटीच्या आत हादरतो आणि त्याचे काम बिघडते, रचना मात्र जशीच्या तशी दिसते, त्यामुळे स्कॅन स्वच्छ येतो. बहुतेक वेळा शुद्धही हरपत नाही, आणि काही लक्षणे काही तासांनंतर उमटतात. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यूही ओढवू शकतो, हे ऐकल्यापासून ते तिसरे मिनिट माझ्या डोक्यातून जात नाही.

मी त्या प्रशिक्षकांना दोष देत नाही. त्यांना हे कोणी शिकवलेले नव्हते. राखीव मुली बाहेर बसलेल्या होत्या, तेव्हा बदली खेळाडू घेण्यात खेळाच्या नियमांची अडचण नव्हती. ‘हिला आता बाहेर बसवा’ असे म्हणण्याची जबाबदारीच कोणावर नव्हती. ती जबाबदारी शासनाने ठरवून द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आपल्या शहरात भरते, तेव्हा आमदार आणि क्रीडामंत्री यांना निवेदन द्यावे असे आम्ही काही पालकांनी ठरवले आहे.

इतर देशांत काय केले आहे ते मी वाचून काढले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये झॅकरी लिस्टेड या जखमी शाळकरी खेळाडूच्या नावाने कायदा केला. संशय येताच खेळाडूला बाहेर काढायचे, आरोग्य व्यावसायिकाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही, आणि दरवर्षी पालक व खेळाडूने माहितीपत्रकावर सही करायची, हा त्याचा गाभा आहे. कॅनडात रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची मुलगी २०१३ मध्ये रग्बी खेळताना डोक्याला बसलेल्या माराने दगावली. शेवटच्या सामन्याआधीच्या काही दिवसांत तिला आधीच मार बसलेला होता आणि आपल्याला तशी दुखापत झाली असावी अशी शंका तिने मैत्रिणींना संदेशातून कळवली होती. कोणाही प्रौढापर्यंत ती शंका पोहोचली नाही. ऑन्टॅरिओ प्रांताने २०१८ मध्ये तिच्या नावाने केलेला कायदा म्हणूनच खेळाडूंइतकाच पालकांना आणि प्रशिक्षकांनाही माहिती घेणे बंधनकारक करतो. ब्रिटनने २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या; त्यांत किमान २१ दिवस स्पर्धेत परत उतरू नये असे म्हटले आहे. आपल्याकडे क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१९ पासून अशा दुखापतीसाठी बदली खेळाडू मिळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. रेशीमबागच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांसाठी मात्र काय, हा माझा प्रश्न आहे.

आता अडचणी सांगते. पहिली अडचण शब्दाची आहे. ‘कन्कशन’ लिहिले तर तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकाला ते परके वाटेल, आणि ‘डोक्याला इजा’ लिहिले तर प्रत्येक जण रक्त शोधेल. दुसरी अडचण अशी की, कायद्याची मागणी करावी की शासन निर्णयाची, हे आम्हाला ठरवता येत नाही. आणि शासन निर्णय निघाला तरी मंडळांच्या खासगी स्पर्धांना तो लागू होईल का? तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे निवडीच्या तोंडावर मुले दुखणे लपवतात आणि आम्ही पालकही त्याकडे डोळेझाक करतो. बाहेर बसलेल्या मुलाचे नुकसान होणार नाही, अशी तरतूद कशा शब्दांत मागावी? विधी, प्रशासन किंवा क्रीडाशिक्षण या क्षेत्रांतील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, मी अनेक वर्षे शाळेत क्रीडाशिक्षक होतो, त्या अनुभवावरून लिहितो. खेळ हा राज्यसूचीतील विषय आहे, त्यामुळे राज्याला कायदा करता येतो. परंतु विधेयकाला वेळ लागतो, म्हणून आधी शासन निर्णय मागावा. तालुक्यापासून राज्यापर्यंतच्या शालेय स्पर्धा क्रीडा विभागच भरवतो, तेव्हा तिथे तो थेट लागू करता येईल. मंडळांच्या स्पर्धांसाठी वेगळी वाट आहे: आपल्याकडची बरीच मैदाने महानगरपालिकेची किंवा नागपूर सुधार प्रन्यासची आहेत, आणि मैदान देताना परवानगीपत्रात अटी घालता येतात. ‘डोक्याला मार बसलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही’ ही एकच अट तिथे घालून घ्या. हा निर्णय पंचाच्या हाती द्यावा, प्रशिक्षकाच्या नाही, कारण सामना हरण्याची भीती पंचाला नसते.

गुणांबाबत असे मागा की, निवड झालेला खेळाडू वैद्यकीय कारणाने बाहेर बसला तरी त्याचा सहभाग ग्राह्य धरावा. परत खेळण्याचा दाखला ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यालाही देता आला पाहिजे. केवळ तज्ज्ञाचाच दाखला लागेल असे लिहिले, तर भिवापूर-कुहीसारख्या तालुक्यांतल्या मुलांना प्रत्येक वेळी नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) रांगेत उभे राहावे लागेल आणि पालक ती दुखापत सांगणेच बंद करतील. शब्द म्हणाल तर ‘मेंदूला हादरा’ असा लिहा. माझ्या मुलांना तो एकदा सांगून कळत असे, आणि रक्त नसले तरी काहीतरी झाले आहे हे त्यातच येते.