होडी हाच त्यांचा रस्ता

बेटावर राहायचं तर होडीचं वाढीव भाडं सोसायलाच हवं, असं काही जण म्हणतात, ते मत मला अजिबात पटलं नाही. आमच्या कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात (जिल्हा बेळगाव) समुद्र नाही. पण तिकडे कोयना-कोल्हापूरकडे पाऊस लागून राहिला की कृष्णा, दूधगंगा फुगतात आणि कल्लोळ-येडूरसारखे बुटके पूल पाण्याखाली जातात. मग समोर दिसणाऱ्या गावाला जायला अंकली-मांजरीच्या पुलावरून वळसा. त्या वळशाचं पेट्रोल कोण देतं? दूध घालणाऱ्याच्या मोटारसायकलीला दोन्हीकडे कॅन लटकलेले असतात. डेअरीत पोचायला उशीर झाला, दूध नासलं, की तोटा त्याचा एकट्याचा.

जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट आहे, मोठा आधार आहे तो. पण रस्ताच बुडाला की बस येत नाही आणि वडापवाला (खाजगी जीपवाला) रोख मागतो. बाकीच्यांचं तिकीट तर जानेवारी २०२५ मध्ये १५ टक्क्यांनी वाढलंच.

गावातल्या रस्त्यावरून चालायला आपण पैसे भरतो का? बेटावरच्या माणसाला होडी म्हणजे तोच रस्ता. रहिवाशांना सवलतीचा पास आणि पेशंटसाठी रात्री-अपरात्री एक होडी, एवढं तरी सरकारनं द्यायलाच हवं.