डाउनलोड्समध्ये 'टुडे', 'लास्ट वीक' असे गठ्ठे का पडतात?

चकलीप्रेमी: विंडोज ११ आहे. डाउनलोड्स उघडलं की तारखांचे गठ्ठे, नेम वर क्लिक केलं तरी गठ्ठ्याच्या आतल्या आतच सॉर्ट होतं, लाईट बिल शोधताना जीव जातो राव. काय करू?

आळशी_उंदीर: अहो ते सॉर्ट नाही, ग्रुपिंग आहे. रिकाम्या जागेत राइट क्लिक, ग्रुप बाय, नन. झालं.

जुना_कीबोर्ड: बाकी फोल्डरांनाही तेच हवं तर फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅब, तिथे अप्लाय टू फोल्डर्स, पण ते त्याच प्रकारच्या फोल्डरांना लागतं, पिक्चर्सचं वेगळं करावं लागेल. आणि फोटोंचं सॉर्टिंग डेट टेकनने (फोटो काढल्याची तारीख) लावा, डेट मॉडिफाइडने (शेवटच्या बदलाची तारीख) फोटो जरा क्रॉप केला की आजच्या तारखेत जाऊन बसतो.

चकलीप्रेमी: बिल सापडलं! ड्यू डेट कालची होती म्हणा.