मदत हवी आहे: आयर्लंडचं रेड लेमोनेड पुण्यात कसं जमवावं?

१७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, घरी आयरिश पाहुणे येणार आहेत. तिकडे रेड लेमोनेड (लाल रंगाचं, फसफसणारं गोड पेय) म्हणजे बालपण. मुलं नुसतं पितात, मोठे व्हिस्कीत घालतात. टीके हा त्यातला जुना ब्रँड. युरोपियन युनियन यावर बंदी आणणार, अशी आवईही तिकडे अधूनमधून उठते!

इथल्या दुकानांत, ऑनलाइन शोधलं, मिळालं नाही. लिंबू सोड्यात रोझ सिरप घातलं, तर सरळ फालुद्याचा वास. ग्रेनेडाइनने (डाळिंबाच्या लाल सिरपने) रंग जमला, पण फारच गोड. मूळ पेय साध्या लेमोनेडपेक्षा कमी आंबट, किंचित फळांच्या चवीचं असतं.

मुलंही पिणार, त्यामुळे दारू नको. रंग शाकाहारी हवा. बाहेरून मागवायला वेळ नाही. इथे मिळणारं कोणतं सिरप, किती सोड्याला किती घालू?